गोष्ट खेळायला बसा: काय करावे, काय टाळावे

मुरूडसारख्या गावात रोल-प्लेइंग खेळांचा मेळ भरवणाऱ्यांसाठी

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांची गोष्ट नुसती महानगरांची नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात तळ्याकाठी लेक जिनिव्हा नावाचे सुट्टीचे लहानसे गाव आहे. तिथला हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेऊन गॅरी गायगॅक्स यांनी १९६८ मध्ये खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला. पुढे जगभर गाजलेला ‘जेन कॉन’ तो हाच. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाहेर आला आणि खेळाचा एक नवा प्रकार सुरू झाला. एक सूत्रधार प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते बोलतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासा टाकतात. जिंकणारा-हरणारा कोणी नसतो, सगळ्यांची मिळून एक गोष्ट होते.

दापोली तालुक्यातले मुरूडही समुद्राकाठचे, सुट्टीचे गाव. इथे पुण्या-मुंबईसारखे खास गेम स्टोअर नाही. पण स्टेशनरी-खेळण्यांच्या दुकानाची मागची खोली, वाचनालय किंवा बिगरहंगामात रिकामी असलेली घरगुती निवासाची पडवी, यांतली कुठलीही जागा चालते. पुढच्या सूचना अशा जागेसाठी आहेत. त्या सगळ्यांची कसोटी एकच: पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येतो का?

जागा आणि दुकानदार

काय करावे

• खेळाडू जमवण्याआधी दुकानदाराशी बोला. किती माणसे, किती वेळ, विजेचा खर्च कोणाचा, चहा कोणाकडून, केर कोण काढणार, हे एका कागदावर लिहा आणि एकेक प्रत दोघांकडे ठेवा.

• दुकानाच्या मंद वेळेत बसा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी २०१० मध्ये दुकानांसाठी ‘एन्काउंटर्स’ नावाचा कार्यक्रम काढला, तो दर बुधवारी होई. मधल्या वारी गिऱ्हाईक कमी आणि टेबल मोकळे, हे गणित इथेही लागू आहे.

• जागा घेताना छताकडे बघा. आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की शेजारच्याचेही ऐकू येत नाही, आणि हा खेळ सगळा बोलण्याचा. कौलारू पडवी किंवा स्लॅबची खोली निवडा.

• मुली-बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह जवळ आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. हे नसेल तर निम्मे गाव येणारच नाही.

काय टाळावे

• गल्ल्यासमोर किंवा दारात टेबल मांडू नका. खेळामुळे एक जरी गिऱ्हाईक परत गेले, तर दुकानदार पुढच्या वेळी जागा देताना विचार करील, आणि ते रास्तच आहे.

• दुकानदार चहा-सरबत विकत असेल तर बाहेरून खाणेपिणे आणू नका.

• देवळाचा सभामंडप गृहीत धरू नका. तो सगळ्या गावाचा असतो. तिथे बसायचेच असेल तर आधी गावाच्या बैठकीत खेळ समजावून सांगा आणि रीतसर परवानगी घ्या.

दिवस आणि वेळ

काय करावे

• वार कायमचा ठरवा. ‘महिन्याचा दुसरा आणि चौथा मंगळवार’ हे लोकांच्या लक्षात राहते. ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ ठरवलेले कधीच जमत नाही.

• गावाचे कॅलेंडर समोर ठेवून वर्ष आखा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हर्णै बंदरातल्या होड्या शाकारलेल्या असतात आणि दर्यावर जाणारी तरुण मंडळी घरी असतात. ज्यांची शेती आहे ते तेव्हा लावणीत गुंतलेले असतात, त्यांना श्रावण सोयीचा. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी येतात. त्यांच्यासाठी एका बैठकीत संपणारी गोष्ट तयार ठेवा.

• तीन तासांच्या वर जाऊ नका आणि वेळ कागदावर वाटून घ्या. चारला सुरुवात. चार वीसपर्यंत ओळख आणि पात्रांची निवड. पाच वीसपर्यंत पहिले दोन प्रसंग. दहा मिनिटे चहा. साडेसहापर्यंत मुख्य पेच. पावणेसातला गोष्टीचा शेवट. सातला खोली झाडून कुलूप.

• गणपतीत खेळायचे तर दुपारी बसा आणि आरतीच्या बऱ्याच आधी उठा.

काय टाळावे

• शनिवार-रविवार नको. शहरातल्या माणसाची सुट्टी म्हणजे मुरूडकराचा कामाचा दिवस. घरी पाहुणे उतरलेले असताना ज्या घरात निवास आणि खानावळ चालते, तिथला एकही माणूस येऊ शकणार नाही.

• शिमग्यात मेळ ठेवू नका. पालखी घरोघर फिरते, रात्री नमन-खेळे असतात. त्या दिवसांत गावाचा खेळ वेगळा आहे आणि त्यात आपणही असावे.

• एसटीची शेवटची गाडी चुकेल अशी वेळ ठेवू नका. दापोलीहून किंवा हर्णैहून येणाऱ्याला परत कसा जाणार, हे आधी विचारा.

• सुरुवातीलाच ‘उरलेला भाग पुढच्या वेळी’ असे करू नका. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण गोष्ट मिळाली पाहिजे.

बोलावणे

काय करावे

• पत्ता नेहमी ‘मुरूड, ता. दापोली, जि. रत्नागिरी’ असा पूर्ण लिहा. रायगडातले मुरूड-जंजिरा आणि लातूर जिल्ह्यातले मुरूड, यांत नेहमी घोटाळा होतो. पुण्याहून येणारा पाहुणा भलत्याच मुरूडला पोहोचला तर दिवस वाया जाईल.

• फलकावर खेळाचे नाव नंतर आणि काय करायचे ते आधी सांगा. मजकूर इतकाच पुरे: ‘चला, गोष्ट खेळूया. पाच खेळाडू, एक सूत्रधार. तुम्ही गोष्टीतले पात्र व्हायचे आणि पुढे काय करायचे ते ठरवायचे. मोबाइल लागत नाही. पैज नाही. आधी काही यावे लागत नाही. मंगळवारी दुपारी ४ ते ७.’

• फलक एसटी थांब्यावर, वाचनालयात आणि किराणा दुकानात लावा. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, पण निदान पाच घरी स्वतः जाऊन सांगा. लहान गावात प्रत्यक्ष दिलेल्या आमंत्रणालाच मान असतो.

• दर टेबलावर एक खुर्ची नव्यासाठी राखून ठेवा. निवासात उतरलेला पाहुणा, शेजारची आजी, दुकानात वही घ्यायला आलेला मुलगा, कोणीही तिथे बसू शकेल.

काय टाळावे

• फलकावर नुसते ‘गेमिंग’ लिहू नका. पालकांना मोबाइलवरची मारामारी वाटते आणि मुले तेच शोधत येतात.

• ड्रॅगन आणि तलवारींची परदेशी चित्रे एवढेच आमंत्रण करू नका. ती ओळखणारे आधीच खेळतात. आपल्याला बाकीचे हवे आहेत.

टेबल आणि सामान

काय करावे

• एका सूत्रधारामागे चार ते पाच खेळाडू ठेवा. हिशोब सोपा आहे. तीन तासांत प्रत्यक्ष खेळ दोन तासांचा होतो. पाच खेळाडू आणि सूत्रधार मिळून सहा जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटे. आठ खेळाडू बसवले तर तेरा मिनिटे, आणि त्यातलीही लाजऱ्या माणसाची मिनिटे बोलका माणूस घेतो.

• तयार पात्रे छापून आणा. प्रत्येकाला एकच पान: नाव, दोन ओळींचा परिचय, तीन गोष्टी ज्या जमतात, एक गोष्ट जी जमत नाही. अक्षर मोठे ठेवा. चाळिशीनंतरच्या माणसाला बारीक टाइप वाचता येत नाही म्हणून तो खेळच सोडून देतो.

• फासे मिळाले नाहीत म्हणून अडू नका. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे या खेळात लागतात. दापोलीच्या बाजारात ते मिळाले नाहीत तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या वाडग्यात घाला. काढलेली चिठ्ठी परत टाकून ढवळली की शक्यता वीस बाजूंच्या फाशाइतकीच राहते.

• सगळे कागदावर असू द्या, आणि चार्जिंगचे दोन दिवे जवळ ठेवा. पावसाळ्यात वीज कधीही जाते. फासे पांढरे किंवा पिवळे घ्या, म्हणजे अंधुक उजेडात आकडा दिसतो.

• दमट हवेपासून कागद सांभाळा. पात्रांची पाने लॅमिनेट करा, त्यावर मार्करने लिहा आणि पुसा. नियमपुस्तके घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. नाहीतर भाद्रपदापर्यंत पानांवर बुरशी चढते.

काय टाळावे

• पात्र घडवण्यात पहिला तास घालवू नका. जाणत्यांना त्यात रस असतो, नवा माणूस तेवढ्यात कंटाळतो.

• कोकम सरबताचे पेले आणि तेलकट फरसाण खेळाच्या टेबलावर नको. बाजूला एक स्टूल मांडा.

नियम

काय करावे

• पहिल्या दिवशी एकच नियम शिकवा: वीस बाजूंचा फासा टाका, पात्राला जे जमते त्याचे गुण मिळवा, ठरलेल्या आकड्याला गाठले की काम झाले. बाकीचे नियम गरज पडेल तेव्हा सांगा.

• आकडा नव्यांच्या बाजूने ठेवा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मध्यम अवघड कामाला १५ लागतात. पात्राचे गुण ५ असतील तर फाशावर १० किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. तोच आकडा १२ ठेवला तर शक्यता ७० टक्क्यांवर जाते. पहिल्याच खेळात दोनदा सलग अपयश आले की नवशिक्याला वाटते आपल्याला हे जमत नाही. त्या पंधरा टक्क्यांनी त्याचा धीर टिकतो.

• नियम मराठीत आणा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. मूळ कर्त्यांचा रीतसर उल्लेख करून त्यांचे भाषांतर करता येते, छापता येते, वाटता येते. गावातल्या मराठीच्या शिक्षकांना हाताशी घेतले तर चार पानांची सुबक पुस्तिका सहज होईल.

• वीज नाही, पुस्तक नाही, अशा दिवसासाठी एक पानी खेळ ठेवा. जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ पूर्ण एका पानात मावतो आणि साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालतो. ते फासे घरच्या लुडोत असतातच.

काय टाळावे

• अख्ख्या नियमपुस्तकाची झेरॉक्स किंवा चोरून उतरवलेली फाइल वाटू नका. खुले नियम पुरेसे आहेत, आणि दुकानात बसून दुकानात विकता येणाऱ्या पुस्तकाची चोरी करणे शोभत नाही.

• नियमावरून दोन मिनिटांपेक्षा जास्त वाद नको. सूत्रधाराने निर्णय द्यावा, खेळ पुढे न्यावा, पुस्तक नंतर उघडावे.

गोष्ट

काय करावे

• गोष्ट इथल्या मातीतली घ्या. मुरूडशेजारी हर्णै, समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या आरमारांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. त्या वेढ्यातली एक रात्र घ्या: किल्ल्यातून एक पत्र आणि एक जखमी माणूस किनाऱ्यावर पोहोचवायचा आहे, ओहोटी लागायच्या आत. पात्रे पाच: तांडेल, पोहणारा पोऱ्या, वैद्यीण, गोलंदाज, दुभाषा. रोज समोर दिसणारा किल्ला गोष्टीत आला की कोणालाही वर्णन समजावून सांगावे लागत नाही.

• आपल्या प्रदेशाची गोष्ट या खेळात बसते, याबद्दल शंका नको. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात मिमी मोंडल या बंगाली लेखिकेने बंगालच्या वळणाची भूमी उभी केली आहे. बंगालला जमले ते कोकणाला जमेल.

• गोष्टीत तीन प्रसंग आणि एक निवड ठेवा. वाचवायचे दोघांना आहे, पण होडीत जागा एकाचीच. अशा निवडीबद्दल लोक घरी जाताना बोलत राहतात.

• लढाईशिवायही सुटेल अशी वाट ठेवा. बोलून, लपून, ओळखीचा उपयोग करून, भरती-ओहोटीचे गणित मांडून. समुद्र जाणणाऱ्या खेळाडूचे ज्ञान गोष्टीत कामी आले पाहिजे.

काय टाळावे

• इतिहासातल्या पूज्य व्यक्तींना खेळाचे पात्र करू नका. त्यांच्या तोंडी कोणी काय घालील ते सांगता येत नाही. इतिहास पाठीमागे ठेवा, पुढे साधी माणसे आणा.

• ग्रामदेवतेला, देवळाला, पालखीला गोष्टीत ओढू नका. वेताळ, मुंजा, हडळ, पाण्यातला गिऱ्हा यांच्या गोष्टी कोकणात मुबलक आहेत, त्या जरूर घ्या. पण ज्या जागेला गावात अजून मानले जाते, तिचे नाव घेऊ नका.

• पात्राचा धंदा सांगताना जात सांगू नका. ‘तांडेल’ पुरे, पुढचे आडनाव नको. गावातल्या खऱ्या माणसावर, भांडणावर किंवा जमिनीच्या दाव्यावर गोष्ट बेतू नका.

सूत्रधार

काय करावे

• प्रश्न विचारा आणि थांबा. कोकणी माणसाला जागच्या जागी संवाद रचणे नवे नाही. दक्षिण कोकणातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कुठले सोंग घेणार ते ठरते, आणि संवाद नट रंगमंचावर उभा राहून बोलतो. सूत्रधाराने तेवढीच मोकळीक द्यायची असते.

• अपयशातून गोष्ट पुढे न्या. समजा तांडेल झालेल्या काकांचा फासा चुकला. ‘नाही जमले’ म्हणून थांबू नका. असे बोला:

‘काका, होडी खडकावरून वाचली, पण वल्हं हातातून सुटलं. पाण्यात पडल्याचा आवाज झाला. बुरुजावरची मशाल इकडे वळली. तुमचा तांडेल काय करतो?’

‘वल्हं राहू दे. सगळ्यांना आडवं पडायला सांगतो. भरती होडी आपोआप ओढून नेईल.’

‘वैद्यीणबाई, जखमी माणूस कण्हतोय. त्याचा आवाज कसा थांबवता?’

फासा चुकला, तरी काकांना नवा डाव सुचला आणि गप्प बसलेल्या वहिनींना बोलायला जागा मिळाली. सूत्रधाराचे काम हेच आहे.

• दर दहा मिनिटांनी टेबलावर नजर फिरवा. कोण बराच वेळ बोललेले नाही? त्या पात्राला थेट, सोपा, दोन पर्यायांचा प्रश्न विचारा.

• ‘तू-तुम्ही’चा प्रश्न खेळाआधी सोडवा. चौदा वर्षांची मुलगी गोलंदाज झाली आणि शेजारचे काका तिच्या हाताखालचे झाले, तर खेळात ती त्यांना ‘तू’ म्हणेल. पात्राने पात्राला म्हटलेले असते, माणसाचा मान जागच्या जागी असतो, हे सगळ्यांसमोर सांगा. काकांनी मान डोलावली की मुलगी मोकळेपणाने बोलते.

काय टाळावे

• पुस्तकी भाषेचा आग्रह धरू नका. जो जसा घरी बोलतो तसा त्याला बोलू द्या. कोणाच्या बोलीवर हसणे पहिल्याच वेळी थांबवा.

• आधीच ठरवलेल्या शेवटाकडे खेळाडूंना ढकलू नका. त्यांनी तिसरी वाट काढली तर ती तुमच्या वाटेपेक्षा चांगली धरा.

• जाणत्या खेळाडूला नव्याच्या वतीने निर्णय घेऊ देऊ नका. ‘तू असं कर, फासा टाक’ असे दोनदा झाले की नवा माणूस नुसता फासे टाकणारा हात उरतो.

भीती आणि मर्यादा

काय करावे

• सुरुवातीला पाच मिनिटे काढून विचारा: आजच्या गोष्टीत काय मुळीच नको? सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटेल, म्हणून चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव न घालता.

• समुद्राच्या गोष्टीत हे विशेष सांभाळा. दर्याकाठच्या अनेक घरांतला कोणी ना कोणी समुद्रावरून परत आलेला नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची घरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. शहरातल्या खेळाडूला वादळ हा थरार असतो, इथल्या माणसाला ती आठवण असते. बुडणे आणि वादळ गोष्टीत आणण्याआधी विचारा.

• टेबलाच्या मध्ये फुलीचे कार्ड ठेवा. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी रूढ केलेली ही पद्धत सोपी आहे: कोणीही त्या कार्डाला बोट लावले की प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचे नाही. सूत्रधाराने पहिल्या अर्ध्या तासात ते एकदा स्वतः वापरून दाखवावे, म्हणजे इतरांचा हात धजावतो.

काय टाळावे

• बायका-मुलींवरचा अत्याचार ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून आणू नका. खुल्या मेळ्यात त्याला जागा नाही.

• ‘खेळच आहे, एवढं काय’ हे वाक्य कोणालाही म्हणू देऊ नका. ज्याने थांबवायला सांगितले त्याची बाजू घ्या.

मुले आणि पालक

काय करावे

• अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि फोन नंबर घ्या. खोलीचे दार उघडे ठेवा, आणि निदान दोन मोठी माणसे हजर असू द्या.

• पालकांना बसून बघायला बोलवा. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचा आरोप झाला आणि पालकांनी त्याविरुद्ध मोहिमा उघडल्या. बंद दाराआडचा खेळ कुठल्याही देशात संशय वाढवतो. आईने अर्धा तास मुलाला वाचताना, आकडेमोड करताना, दुसऱ्याचे ऐकून घेताना पाहिले की तिला वेगळे पटवावे लागत नाही.

काय टाळावे

• दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मेळ ठेवू नका.

• लहान मुलांना मोठ्यांच्या भयकथेच्या टेबलावर बसवू नका. त्यांच्यासाठी वेगळा सूत्रधार नसेल तर त्या दिवशी सगळ्यांसाठी सौम्य गोष्ट घ्या.

पैसा

काय करावे

• वर्गणी लहान ठेवा आणि हिशोब दुकानात लावा. जागा, चहा, छपाई, फासे, शिल्लक, अशा पाच ओळी पुरतात.

• वह्या, पेन्सिली, मार्कर, चहा त्याच दुकानातून घ्या. दुकानदाराला मेळ्याचा फायदा दिसला पाहिजे, तरच टेबल टिकेल.

• बाहेरगावच्या मुरूडकरांकडे वस्तू मागा. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. गावाच्या कामासाठी सगळ्यांनी थोडे थोडे द्यावे म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला होता. तीच रीत इथे चालते. गणपतीला मुंबई-पुण्याहून येणाऱ्याने फाशांचा एक संच आणला, एखादे पुस्तक वाचनालयाला दिले, तरी वर्षाची सोय होते.

काय टाळावे

• पैज, रोख बक्षीस, ‘जिंकेल त्याला’ काही नको. टेबलावर फासे दिसले की वडीलधाऱ्यांना जुगार आठवतो, आणि आपल्याकडे १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे. पैशाचा व्यवहार खेळापासून पूर्ण वेगळा ठेवा, म्हणजे शंकेला जागाच राहत नाही.

• कोणाकडे वर्गणी नसेल तर त्याला दारातून परत पाठवू नका. खुर्च्या मांडणे, पाने गोळा करणे ही कामेही वर्गणीत धरा.

खेळ संपल्यावर

काय करावे

• शेवटची दहा मिनिटे गप्पांसाठी राखा. प्रत्येकाने एवढेच सांगावे: कुठला प्रसंग आवडला, पुढच्या वेळी काय वेगळे हवे. पहिल्यांदा आलेल्याला आधी बोलू द्या.

• नव्या माणसाला त्याच्या पात्राचे पान घरी न्यायला द्या आणि पुढची तारीख त्यावर लिहा. दोन दिवसांनी एक फोन करा.

• चार-पाच वेळा खेळलेल्याला एक प्रसंग चालवायला द्या, अर्ध्या तासाचा. तुम्ही शेजारी बसा, मध्ये बोलू नका. पुढच्या खेपेला त्याला दोन प्रसंग द्या, मग पूर्ण गोष्ट.

काय टाळावे

• गर्दीवर खूश होऊ नका. पहिल्या मेळ्याला पंचवीस आणि तिसऱ्याला पाच, यापेक्षा सहा-सहा करत वर्षभर चाललेले टेबल बरे.

• कोणी आले नाही म्हणून ठरलेला मंगळवार रद्द करू नका. दोघे आले तर दोघांची गोष्ट खेळा. एकदा वार चुकला की पुढच्या वेळी लोक आधी ‘आहे का?’ असे विचारतात, आणि मग विचारायचेही सोडतात.

• मेळ एका माणसावर उभा ठेवू नका. तरुण सूत्रधार शिकायला किंवा नोकरीला मुंबई-पुण्याला जाणार, हे कोकणात ठरलेलेच आहे. म्हणून पहिल्या वर्षात निदान तीन सूत्रधार तयार करा. त्यांतली एखादी इथेच घर चालवणारी बाई असावी, एखादे शाळेतले शिक्षक असावेत. दुसऱ्यांदा आलेल्या माणसांतूनच हे सूत्रधार निघतात, म्हणून सगळा भर पहिल्यांदा आलेल्याच्या परत येण्यावर द्यायचा.